साडूंची गळकी मोटार

हरत राहण्याची चिकाटी माझ्या थोरल्या साडूंइतकी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. माणसं एकदा हरतात, दोनदा हरतात आणि मग शहाणी होतात. आमच्या साडूंनी शहाणपणाला कधी दारातही उभं केलं नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. त्यामुळे कुठंही गेले की आधी त्यांचं नाक आत शिरतं आणि मागून ते. आमच्याकडे आले की पाणी प्यायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस फासतात आणि बुडबुडे येतात का ते वाकून बघत बसतात. नात्यातल्या एका लग्नात सप्तपदी चालू असताना ते ताडकन उठले आणि भटजींना म्हणाले, "होम दोन हात अलीकडे घ्या. मागचा पडदा नायलॉनचा आहे." भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळेल!" साडू म्हणाले, "मुहूर्त दुसरा मिळतो." पडदा सोडून होईपर्यंत नवरा-नवरी चौथ्या पावलावर ताटकळत उभी होती.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर पेट्रोल गळणारी मोटार विकत घ्यावी, याला काय म्हणायचं? पनवेलच्या एका बंगल्याच्या आवारात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गोल दिवे, फुगीर गाल, आणि दार उघडलं की जुन्या ट्रंकेसारखा वास. साडूंच्या लग्नाची वरात हुबेहूब अशाच मोटारीतून निघाली होती. आमच्या सासऱ्यांनी ती साताऱ्याहून भाड्यानं आणली होती. आत नवरदेव, नवरी, करवली आणि करवलीच्या हट्टानं घुसलेली अर्धा डझन पोरं. नवरीच्या बापाला तेवढी जागा उरली नाही. तो हातात फेटा धरून गाडीमागून धूळ खात चालत राहिला. साडूंनी मागच्या काचेतून ते पाहिलं आणि ते त्यांच्या मनात रुतून बसलं. तो बाप, म्हणजे आमचे सासरे, मामा, आता नव्वदीला टेकले होते, वाईजवळच्या गावी एकटेच राहत होते. त्यांना तशाच मोटारीत बसवून गावातून मिरवायचं, एवढाच साडूंचा हट्ट. मी म्हणालो, "माझ्या गाडीतनं नेऊ की." साडू म्हणाले, "तुमच्या गाडीत कोणीही बसेल हो."

इंजिन लवकर सुरू झालं. गळती मात्र थांबेना. पहिल्यांदा अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कपड्यांच्या साबणाची वडी नाहीशी झाली. भोकावर साबण घासला की पेट्रोल थांबतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते थांबलंही, पण नेरूळ स्टेशनापर्यंतच. मग खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली, ती भिजून सुटली. मग टाकी उतरवून आत खडी आणि सोड्याचं पाणी घातलं आणि गंज निघावा म्हणून मी एका बाजूनं, ते एका बाजूनं, अशी आम्ही ती सोसायटीच्या बागेत बारशाच्या पाळण्यासारखी हलवली. गंज निघाला आणि खाली पत्राच शिल्लक नाही, हे कळलं. तळवलीला एक रेडिएटरवाला कथलाचा डाग देऊन भोकं बुजवतो म्हणून तिथं गेलो. पेट्रोलची वाफ राहू नये म्हणून टाकी पाण्यानं भरली होती, तरी साडू वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं घेऊन असे उभे राहिले, की समोरच्या टपरीवरचं गिऱ्हाईक चहा टाकून पळालं. एक भोक बुजलं की शेजारी दुसरं डोळा उघडायचं. शेवटी रेडिएटरवाला कंटाळून म्हणाला, "साहेब, ही टाकी नाय, चालनी हाय." नवीन टाकी बाजारात मिळत नव्हती. पत्रा कापून एक बनवून घेतली, तर ती सांध्यांतून पाझरली.

एव्हाना पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास सुटला होता आणि सोसायटीची मीटिंग बसली. सेक्रेटरी बिचारे भिडस्त. "काका, तुमचं टेन्शन आमाला कळतं, पण..." यापुढे त्यांचं वाक्य सरकेना. तेव्हा साडू स्वतःच उठले. इमारतीखाली गळकी टाकी ठेवणं किती धोक्याचं आहे, यावर त्यांनी इतकं जीव तोडून भाषण केलं, की म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. टाकीत थेंबभरही पेट्रोल ठेवून ही गाडी आवारात उभी करता कामा नये, असा ठराव त्यांनी स्वतःच्याच गाडीविरुद्ध मांडला आणि सर्वांत आधी हात वर केला. घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "झालं समाधान?" साडू खुर्चीत बसून पायाकडे बघत राहिले. त्यांना इतकं खचलेलं मी प्रथमच पाहत होतो. मग हळूच म्हणाले, "परवा फोनवर मामांनी मला तीनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून. वेळ कमी आहे हो, साडू."

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी टाकीच्या आतून कसलासा लेप ओतून फिरवला, वाळवला, आणि गळती खरोखर थांबली. रोज सकाळी ते आवाराबाहेर गाडी ढकलत नेऊन टाकीत पेट्रोल ओतायचे आणि खाली पुठ्ठा पसरायचे. पुठ्ठा कोरडा. मग एका पहाटे आम्ही दोघे साडू आणि दोघी बहिणी असे निघालो. घाट चढलो, घाट उतरलो. अक्का गुणगुणत होत्या. सुरूरच्या फाट्याला वाईकडे वळलो आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. आतला लेप पापुद्र्यांसारखा सुटला होता. त्यानं नळी तुंबली होती आणि खालून धार लागली होती. साडूंनी आम्हाला शेताच्या बांधापलीकडे पिटाळलं, उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढून लांब नेऊन ठेवलं, आणि रस्त्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची विडी विझवायला लागले. ते झाल्यावर मैलाच्या दगडावर बसले आणि तोंड ओंजळीत झाकलं. अक्का जवळ गेल्या, तर म्हणाले, "मला एक टाकी बुजवता आली नाही गं."

मी गावी फोन केला होता. तासाभरात चुलतमेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला आणि मडगार्डवर, डोक्याला फेटा बांधून, मामा! त्या अवस्थेतही साडू ओरडले, "मामा, मडगार्डवर बसायचं नसतं!" मामांनी तिकडं लक्षच दिलं नाही. ते उतरले, काठी टेकत मोटारीभोवती फिरले, बॉनेटवरनं बैलाच्या पाठीवरनं फिरवावा तसा हात फिरवला आणि कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. आता त्यांना उतरवणार कोण? साडूंनी दोर तपासला, त्याला अक्कांचा लाल रुमाल बांधला, मेहुण्याला चालण्याच्या वेगानं जायची शपथ घातली आणि स्टिअरिंगवर बसले. आम्ही मागून चालत निघालो.

गावात शिरलो तेव्हा माणसं ओट्यावर आली. मामा काचेतून हात हलवत होते. शाळेजवळ ते मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, काय गाडी आहे हो! इंजिनाचा आवाजसुद्धा नाही!" साडू समोर बघत होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते.

त्याच थंडीत मामा गेले. मोटार अजून गावीच, गोठ्याच्या छपराखाली आहे. परवा वर्षश्राद्धाला आम्ही गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता निवांत आहात. करा की ती टाकी." साडू म्हणाले, "बघू." गोठ्यात जाऊन त्यांनी गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर बसलेली कोंबडी दोन्ही हातांनी अलगद उचलून खाली ठेवली आणि स्वतः तिथं बसले. बऱ्याच वेळानं अक्कांनी चहाला हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नसावं. अक्का बोलवायला निघाल्या, तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या. येतील."