पुढचं डावं दार

लोखंड कुणाच्याच मालकीचं नसतं. ते जमिनीतून येतं, थोडे दिवस माणसाच्या घरी मुक्काम करतं आणि गंजाच्या वाटेने परत जमिनीकडे निघतं. माणसाने त्याला रंग द्यावा, तेल द्यावं, आरटीओकडून नंबर आणून द्यावा. ते थांबत नाही. हा विचार मला सुचला तेव्हा माझं बोट आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या दारात अडकलं होतं. ते सुटेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

झालं होतं असं, की दाराच्या खालच्या कडेला रंगाचा एक फुगा आला होता. टिकलीएवढा. मी तो सहज दाबला आणि बोट पेरापर्यंत आत गेलं. रंग शाबूत होता, फक्त त्याच्यामागे पत्रा उरला नव्हता. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांचं असंच असतं, पण त्यांना कुणी बोटाने दाबून पाहत नाही.

गाडी वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. लहान, पांढरी, त्या काळी प्रत्येक गल्लीत एक असायची तशी. आता ते गाडी चालवत नाहीत, मी चालवतो. पण शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते अजून तेच सांगतात.

गाडीचा निकाल लावायचा विषय माझ्या चुलतभावाने काढला. नगरमध्ये आमची दोन घरं आहेत आणि त्यांच्यात एकच अंगण. चुलतभाऊ राजकारणात पडू पाहतो आहे, आणि त्या दिशेने पहिलं पाऊल म्हणून त्याने एसटीच्या उंचीची एक काळी गाडी घेतली. ती अंगणात मावत नव्हती, कारण तिथे अण्णांची उभी होती. एक दिवस तो येऊन अण्णांसमोर बसला.

"अण्णा, भंगारवाला माझ्या ओळखीतला आहे. घरी येऊन घेऊन जाईल. तुम्हाला कुठं जायचं असलं तर माझी गाडी आहेच की. तुम्ही फक्त बसायचं."

"बसतोच आहे मी," अण्णा म्हणाले. त्यांनी पेपरची घडी घातली. "येत्या शनी अमावस्येला मी माझ्या गाडीतून शिंगणापूरला जाऊन येईन. गेलो, तर गाडी इथंच राहील. नाही गेलो, तर बोलाव तुझ्या माणसाला."

"त्याच दिवशी बोलावून ठेवतो," चुलतभाऊ म्हणाला. तो कामाचा माणूस आहे.

अण्णा देवभोळे नाहीत, हे इथे सांगायला हवं. दर शनी अमावस्येला ते शिंगणापूरला जातात हे खरं. पण दर्शन आई घेते. अण्णा बाहेर रसवंतीत बसून, घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलाकडे पाहत दोन ग्लास उसाचा रस पितात. त्यांच्या मते तो बैल त्या परिसरातला एकमेव प्राणी आहे, ज्याला आपण कशासाठी फिरतोय याबद्दल काही भ्रम नाही.

आता गाडी न्यायची, तर तिचं दार रस्त्यात गळून पडता कामा नये. मी एका डेंटरला दाखवलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चपलेच्या टोकाने दाराला हलकेच स्पर्श केला आणि म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." अमावस्या दिवाळीच्या बरीच आधी होती. तेव्हा मी ठरवलं, की घरीच करायचं.

मी सुप्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. दुसऱ्यांनी घडवलेल्या लोखंडातल्या चुका काढणं हे माझं काम. आपण स्वतः लोखंड हातात घेणं म्हणजे समीक्षकाने कविता लिहायला बसण्यासारखं आहे. मोबाईलवर एका परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहिले. त्याचं गॅरेज आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं आणि तो गंज दिसला की आनंदाने हसत असे. मला तसं हसू आलं नाही.

दुसरी अडचण आईची होती. कारखान्याची आठवड्याची सुट्टी शनिवारी. इतर दिवशी मी घरी येईपर्यंत पत्र्याची दुकानं बंद होतात. म्हणजे पत्रा आणायचा तो शनिवारीच. आणि शनिवारी आमच्या घरात लोखंड येत नाही. खिळासुद्धा नाही.

"लोखंड शनीचं असतं," आई म्हणाली. ती नेवाशाकडची, या विषयात तिचा शब्द शेवटचा. "शनिवारी घ्यायचं न्हाई. द्यायचं असलं तर द्यावं. दानाचं पुण्य लई मोठं."

"मी गाडी दुरुस्त करतोय, दान नाही करत."

"मग घरात हाय त्यातून कर."

घरात तेलाचे रिकामे डबे होते. सूर्यफुलाच्या तेलाचे, पंधरा किलोचे, आईने कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले. त्यातला एक मी कापला. कात्री लावताच डब्याने आधी माझा अंगठा कापला आणि मग आमचं जमलं.

गंज घासायला अंगणात अंथरायला काहीतरी हवं होतं. चुलतभावाच्या वाढदिवसाचं एक जुनं फ्लेक्स माळ्यावर मिळालं. त्यावर तो हात जोडून उभा होता आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. मी दर शनिवारी सकाळी त्या युवा नेतृत्वाच्या छातीवर मांडी घालून बसे आणि दार घाशी. तारेचा ब्रश लावला की लाल भुकटी शुभेच्छुकांच्या तोंडावर पडे. चुलतभाऊ गच्चीवर उभा राहून हे पाही. फक्त एकदा म्हणाला, "दादा, जरा बाजूला सरकून बस ना. चेहरा येतोय खाली."

गंजाचं एक वैशिष्ट्य आहे. तुम्ही तो घासून संपवायला जाता आणि तो संपत नाही, पत्रा संपतो. बोटाएवढं भोक तळहाताएवढं झालं, तळहाताएवढं पोळीएवढं. मग लक्षात आलं, की दार गाडीला असताना आतून काम होणार नाही. ते उतरवावं लागेल. बिजागऱ्यांच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या. हातोडीने ठोकून काढल्या तेव्हा त्या इतक्या वाकल्या, की पुन्हा बसणं शक्य नव्हतं. स्पेअर पार्टवाला म्हणाला, नव्या पिना मागवतो, सोमवारी येतील. अमावस्या त्याच्या आधीच्या शनिवारी होती.

दाराचं काम मात्र झालं. बाहेरून उरलेला पत्रा, त्याला आतून तेलाच्या डब्याचा तुकडा, दोन्ही रिव्हेटने जोडलेले. वर लांबी भरली, म्हणजे खड्डे बुजवायचा तो लगदा, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, मग प्रायमर, मग पांढरा रंग. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी दार भिंतीला टेकून उभं होतं आणि गाडी त्याच्याशिवाय उभी होती. दोघंही आपापल्या जागी चांगले दिसत होते.

"पिना नाहीत, अण्णा," मी म्हणालो. "दार लागणार नाही."

अण्णांनी गाडीकडे पाहिलं. "इंजिन दारात असतं का?"

"नाही."

"मग उद्या सातला निघू."

आईने यायला नकार दिला. "मी न्हाई बसायची असल्या उघड्या गाडीत. माझं तेल तेवढं वाहून या." तेलाची बाटली तिने माझ्याकडे दिली आणि अण्णांना पट्टा लावून झाल्यावर, आणखी एक उपाय म्हणून, दाराच्या जागी आपली जुनी चंद्रकळा आडवी बांधली. चंद्रकळा म्हणजे काळी साडी. तिच्या पलीकडे अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून ताठ बसले. चुलतभाऊ त्याची माणसं घेऊन आमच्या आधीच निघाला होता. जाताना काच खाली करून म्हणाला, "अण्णा, रस्त्यात काही झालं तर फोन करा. परत येताना घेतो तुम्हाला."

इमामपूरच्या घाटात वारा इतका आत आला, की अण्णांनी पेपर मांडीखाली दाबला. बाकी प्रवास सुरळीत झाला. फक्त शेजारून जाणारे मोटारसायकलवाले वेग कमी करून अण्णांकडे पाहत. त्यांतल्या एकाने हात जोडले. मला वाटलं, अण्णांचा विद्यार्थी असेल.

घोडेगावला वळल्यावर हात जोडणारे वाढले. तेव्हा मला शंका आली. अण्णांनी नगर जिल्ह्यात बरंच शिकवलं, पण एवढं नाही.

शिंगणापूरच्या अलीकडे गाड्या एका शेतात लावायला लावत होते. तिथून पुढे चालत. त्या शेतात पहिल्याच रांगेत चुलतभावाची काळी गाडी दिसली. तो खाली उतरून, छातीला बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकाला आपण कोण आहोत ते सांगत होता. स्वयंसेवकाने ते ऐकून घेतलं आणि मग आमच्याकडे पाहिलं. आधी चंद्रकळेकडे, मग दाराच्या जागेकडे, मग अण्णांकडे. ज्या गावात घरांना दारं नसतात, त्या गावच्या माणसाला दार नसलेली गाडी पाहून जे वाटायचं ते त्याला वाटलं.

"नवस हाय व्हय, बाबा?" त्याने अण्णांना विचारलं.

अण्णा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. त्यामुळे त्यांचे पुष्कळ लोकांशी संबंध बिघडले. "दार गंजलं होतं," ते म्हणाले. "म्हणून काढलं."

"बरं केलं. गंज म्हंजी त्याचाच कोप." स्वयंसेवकाने वळून आवाज दिला. "सोडा रं ही गाडी पुढं. दार वाहिलेली गाडी हाय."

आम्ही पुढे गेलो. चुलतभाऊ हातातल्या मोबाईलसकट आमच्याकडे पाहत राहिला. अण्णांनी त्याला ओळखीचा एक नमस्कार केला.

गाडी थेट रसवंतीसमोर लागली. अण्णांना रस नेऊन दिला आणि मी आईचं तेल घेऊन दर्शनाच्या रांगेला लागलो. बऱ्याच वेळाने परत आलो, तर गाडीभोवती माणसं होती. आरशाला रुईच्या पानांची माळ. बॉनेटवरून तेलाचे ओघळ. गाडीला बाहेरून जेवढं तेल मिळालं होतं, तेवढं माझ्या हातून तिच्या इंजिनाला कधी मिळालं नाही. मधोमध अण्णा पट्टा लावून पेपर वाचत होते आणि लोक त्यांच्या बाजूने पाया पडून पुढे सरकत होते.

"मी सगळ्यांना खरं सांगितलं," अण्णा म्हणाले. "त्यांना ते पटतंय."

नेवाशाचा एक टेम्पोवाला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, एकच काढायचं असतं का सगळी?"

"आम्ही एकापासून सुरुवात केलीय," मी म्हणालो.

चुलतभाऊ चालत तिथे पोहोचला तेव्हा आम्ही निघत होतो. उन्हाने त्याचा चेहरा फ्लेक्सवरच्यापेक्षा बराच वेगळा दिसत होता. अण्णांनी त्याला विचारलं, "सोडू का पार्किंगपर्यंत? तू फक्त बसायचं."

तो मागे बसला. पार्किंग येईपर्यंत त्याने खिडकीतून लोकांना हात जोडले. सवय.

दुपारी घरी आलो. गाडी अंगणात, आपल्या जागी लावली. अण्णांनी काठी टेकली, चंद्रकळा सोडली आणि घरात गेले. पैज जिंकलेला माणूस याहून मोठा उत्सव करत असेल, पण आमच्या घरात नाही. मी दाराकडे वळलो. भिंत होती. दार नव्हतं.

"आई, दार कुठंय?"

आई ओट्याशी होती. "दिलं."

"कुणाला?"

"भंगारवाला आल्ता. त्याला बोलावल्यालं हुतं म्हने. गाडी शिंगनापूरला गेली म्हनलं. तर म्हनला, आज्जी, टेम्पो घेऊन आलोय, रिकामा कसा जाऊ? शनी अमावस्या, लोखंड मागायला मानूस आपल्या पायानं दारात आलेला. असा योग येतो का कधी? दिलं दान."

"अगं, ते आपल्या गाडीचं दार होतं."

आईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "गाडी गेली की दाराबिगर. आलीबी. मग दाराचं काय काम?"

आतून अण्णांचा आवाज आला. "मुद्दा बरोबर आहे."

ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथे सकाळभर आमची गाडी उघडी उभी होती आणि तिच्यातून काही गेलं नाही. ज्या घराला कुलूप, कडी आणि आई आहे, तिथून दार गेलं होतं.

सोमवारी कामावरून लवकर निघून नव्या पिना घेतल्या आणि त्या खिशात घालून भंगार बाजारात गेलो. आमच्याकडे आलेला माणूस तिथे नव्हता. तो माल आणून मोठ्या गोदामवाल्याला विकतो. गोदामवाल्याला मी गाडीचं नाव सांगितलं. पुढचं डावं दार, शक्यतो पांढरं.

त्याच्याकडे तसली चार होती. तीन एकावर एक आडवी पडली होती. चौथं त्याने दर्शनी भागात उभं केलं होतं. मी ते लांबूनच ओळखलं.

"ह्ये घ्या," तो म्हणाला, "पन ह्याला जास्त पडतील."

"का?"

त्याने दारावर वरपासून खालपर्यंत टिचक्या मारत बोट नेलं आणि खालच्या कडेला थांबला. "आवाज ऐका. डबल पत्रा हाय आतून. जुन्या मानसाचं काम. आता असं कोन करतंय, साहेब?"

मी गुणवत्ता तपासणीत इतकी वर्षं आहे. त्या दारात काय काय चुकलंय हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. डाव्या कोपऱ्यात लांबी कमी पडली होती, एक रिव्हेट तिरकं होतं, आणि तो डबल पत्रा म्हणजे सूर्यफुलाच्या तेलाचा डबा होता. मी घासाघीस न करता पैसे मोजले. माझ्या कामाची एवढी स्तुती आजवर कुणी केलेली नव्हती.

दार घरी आणलं, नव्या पिना बसवल्या. तेव्हा बाकीच्या लोखंडाचं मला माहीत नाही, पण ते दार माझ्या मालकीचं आहे. रोख पैसे देऊन घेतलंय. फक्त काच खाली होत नाही, आत डब्याचा पत्रा आडवा येतो.