देव्हाऱ्यातलं अँटिओकचं नाणं

"थांब गा, मी कन्फ्यूज होऊन राहिलो." आमच्या शेजारचे काका कपाळावर तळहात ठेवून हे म्हणायचे. पोहे तर्रीचे घ्यायचे की साधे, इथपासून सुरुवात. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचं बर्डीच्या बाजारात रस्ता ओलांडावा की नाही, या विचारात उभं दिसायचं.

काकांना जुन्या नाण्यांचा नाद. त्यातही जीव अडकला होता तो एका चांदीच्या नाण्यात. दोन हजार वर्षांपूर्वीचं, अँटिओक नावाच्या ग्रीक शहराचं; पण तिथे राज्य रोमचं. एका बाजूला रोमन सम्राट, दुसऱ्या बाजूला बसलेली देवी, अक्षरं ग्रीक. ते ग्रीक डबीत ठेवायचं की रोमन, हे त्यांचं कधीच ठरलं नाही. आज या डबीत, उद्या त्या. मी चिडवायचो, पण ते कधी रागावले नाहीत.

एका वर्षी नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच स्वतःची काचपेटी मिळाली. प्रदर्शन दिवाळीनंतर लगेच. आणि लक्ष्मीपूजनाला काकूंनी घरातली चांदीची नाणी चिंचेनं घासली, त्यात हेही घासलं. काका ज्याला बोट लावू देत नसत, तो शतकांचा काळपट थर गेला. हळदकुंकू लागून नाणं देव्हाऱ्यात बसलं.

काका रडवेले होऊन मला घरी घेऊन गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "देवी हाये ना त्याच्यावर? पूजा झाली. आता तिले घराबाहेर कशी धाडू?"

मी काकांची बाजू मांडणार, तोच त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की ती त्या शहराच्या भाग्याची देवी, तिकडचे लोक तिला पुजायचेच. झालं, आपला खटला आपणच हरले. बाहेर येऊन मला विचारलं, "हिचं चुकलं कुठं, सांग बरं?"

प्रदर्शनात ते रिकाम्या मखमलीशेजारी बसून नसलेलं नाणं लोकांना समजावत होते. लोक गोंधळून पेटीत वाकून बघत. मला हसू आलं आणि वाईटही फार वाटलं.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. तेराव्यानंतर काकूंकडे गेलो, तर देव्हाऱ्यात नाणं दिसेना. चोरीला तर नाही गेलं, असं मी घाबरून विचारलं.

काकू वाती वळत होत्या. म्हणाल्या, "जाताना त्यायच्या मुठीत ठेवलं मी. माह्याजवळ घर तरी हाये. त्यायले एकटं कसं धाडू?"