कमी झालंय, एवढंच ती म्हणाली होती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्या बायकोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. तिने कधी तक्रार केली नाही. हे वाक्य पहिल्यांदा मीच बोललो, तिच्या कबरीपाशी उभा राहून. लोकांनी ते उचललं. पाळकसाहेबांनी उपदेशात घेतलं. ते कानावर आलं की मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं म्हाताऱ्याला गहिवरून आलं.

खरं काय ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मागच्या महिन्यात उपासना सुटल्यावर एक नवी सून सासूला हळूच म्हणाली, कंबर लई दुखतीय. सासूने माझ्या बायकोचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्यांच्यासारखं सोसायला शीक जरा." मी मागच्या बाकाखाली चपला शोधत होतो. त्या पोरीने पदर डोक्यावर ओढला आणि गप्प झाली. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मांजरसुंब्याच्या चौकात माझं टायरचं दुकान होतं. घर नांदूरघाटाकडच्या एका गावात. सकाळी मोटारसायकलवर जायचो, अंधार पडायच्या आत परत. गावात आमची थोडीच घरं, आणि एक पत्र्याचं देऊळ; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी उपासना मी चालवायचो. मी मंडळीचा पंच होतो. आवाज मोठा होता, वचनं पाठ होती. प्रार्थनेला उभा राहिलो की लोक डोळे मिटून डोलायचे. हे मला आवडायचं, हेही लिहून टाकतो.

तिची प्रार्थना वेगळी होती. तिला प्रार्थना म्हणावं का, असं मला तेव्हा वाटायचं. चुलीपाशी बसून ती देवाशी बोलायची, शेजारणीशी बोलावं तशी. "देवा, आज सरपण वल्लं हाय, बघ जरा." "देवा, ह्यांचा घसा बसलाय, गाडी जपून चालवू दे." पीठ मळायला घेतलं की आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. ही आमच्याकडची जुनी रीत. घरोघरचं हे पीठ रविवारी एकत्र होतं आणि ज्याच्या घरी चूल पेटलेली नसेल त्याच्याकडे जातं. आमच्याच परातीत कमी असायचं तेव्हाही तिची मूठ चुकायची नाही. मी एकदा म्हणालो, "आज राहू दे." ती म्हणाली, "त्याला ठाव हाय की आपल्यात किती हाय. तो बघंल." आणि खरंच, आमची चूल कधी विझली नाही.

तिच्या पोटात दुखायला लागलं ते पावसाळा सरताना. बरगडीखाली हात दाबून बसायची. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि बीडला जाऊन पोटाचा फोटो काढा म्हणाला. मी म्हणालो, आधी उपास धरू. मंडळीने उपास धरला. आमच्या ओसरीवर बायका जमून प्रार्थना करायच्या. आणि दुखणं उतरलं. खोटं सांगत नाही, खरंच उतरलं. ती पोटभर जेवायला लागली, विहिरीवर जायला लागली. मी देवाचे आभार मानले ते मनापासून मानले.

मग हंगामाचा सण आला. त्या दिवशी लोक ज्वारीची कणसं, शेंगा, कोंबड्या घेऊन देवळात येतात, आणि वर्षभरात देवाने काय केलं याची साक्ष देतात. एकेक जण उभा राहून सांगतो. बाहेरगावची माणसंही आली होती. सकाळी मी तिला म्हणालो, "आज तू साक्ष दे."

ती भाकरी थापत होती. "थोडं दिस जाऊ द्या की. अजून मधीच चमकतंय."

"शंका धरू नको."

"शंका कावून धरू? चमकतंय ते सांगितलं." ती हसली. "तुमच्या टायरला सुदिक तुमी चार दिस बघून मंग म्हणता, निघाला पंक्चर."

मीही हसलो, पण ऐकलं नाही.

देवळात साक्ष द्यायचा तिचा नंबर आला. डोक्यावर पदर घेऊन, खाली बघत ती म्हणाली, "परभूनं माझ्यावर दया केली. माझं दुखणं कमी झालंय." आणि बसायला लागली.

मी पुढे टेबलापाशी उभा होतो. बाहेरगावचे लोक माझ्याकडे बघत होते. कमी झालंय, ही काय साक्ष झाली? कमी तर गोळीनेही होतं. मी मोठ्याने म्हणालो, "कमी न्हाई. गेलं म्हण."

ती अर्धी बसलेली परत उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, विचारणं होतं. मी हो म्हणून मान हलवली.

"गेलं," ती म्हणाली.

लोकांनी आलेलुया म्हटलं, टाळ्या वाजवल्या. पत्रा दणाणला.

त्यानंतर आमच्या घरी माणसं यायला लागली. आजारी पोरं घेऊन, सुजलेले पाय घेऊन. ज्या बाईला देवाने बरं केलं तिच्या हाताने प्रार्थना पाहिजे म्हणायचे. ती कुणाला नाही म्हणायची नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून खाली बसायची, आणि उठताना भिंत धरायची. भिंत धरायची हे मी बघत होतो.

थंडीत एका दुपारी मी लवकर घरी आलो. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकली होती, चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटाला धरलेली. मला बघून तिने वीट झटक्यात मागे सरकवली. हात पोळला असणार.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. गार लई हाय आज."

मी बरं म्हणालो आणि बाहेर येऊन चपला काढत बसलो. चपला मी आधीच काढल्या होत्या.

माझा गुन्हा देवळातला नाही, हा आहे. देवळात मी फुशारकीत होतो. इथे मला कळलं होतं. ती दुखतंय म्हणाली असती तर तिची साक्ष खोटी ठरली असती, आणि तिच्यामागून माझी. ती मला झाकत होती आणि मी झाकून घेत होतो. दोघे एका घरात, एकाच ताटलीतलं मीठ घेत, असे कितीतरी दिवस राहिलो.

तिची धाकटी बहीण शिरूर कासारची. दरसाल नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडून तोड संपल्यावर ती बहिणीला भेटायला आली. दारातच थांबली. "अगं बाई, निम्मी झालीस की!" मग माझ्याकडे वळली. "दाजी, डोळं हाईत का खोबण्या?"

"तिला काही त्रास नाही," मी म्हणालो. "तिने साक्ष दिलीय."

"दाजी, ट्रकवाला आला तर तुमी पाना हातात घेता का नुसतं गुडघं टेकता?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? टायरला पाना आन् माझ्या बहिणीला टाळ्या!"

बायको आतून म्हणाली, "गप गं. ह्यांना बोलू नको." पण बहिणीने ऐकलं नाही. शेजारची जीप सांगून ती तिला बीडला घेऊन गेली. मी मागे बसलो, पिशवी मांडीवर धरून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्ताच. आठ दिस झालं असतील."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "खरं का, बाबा?"

मी पिशवीच्या बंदाकडे बघत राहिलो. फोटो आल्यावर त्यांनी मला आणि मेहुणीला बाहेर बोलावलं. गाठ होती, आणि सगळीकडे पसरली होती. लवकर आला असता तर काही करता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. मेहुणी वळून आत बहिणीपाशी गेली. तिने मला चांगलं फैलावर घ्यावं असं वाटत होतं. तिने ते केलं नाही.

आम्ही तिला घरी आणलं. दुखणं दाबायची औषधं दिली होती. ती खाटेवर असायची, मेहुणी भाकरी करायची. पीठ मळायच्या आधी खाटेवरून आवाज यायचा, "मूठ टाकली का?" टाकली म्हटल्यावर ती डोळे मिटायची.

एका दुपारी मेहुणी पाण्याला गेली होती. बायकोने मला जवळ बोलावलं.

"अहो, एक इचारू?"

"विचार की."

"मी देवाच्या घरात खोटं बोलले. म्हणून तर हे परत आलं नसंल?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मला ठाव व्हतं, गेलं न्हाई. तरी गेलं म्हणले. त्याला राग आला आसंल का?" तिच्या चेहऱ्यावर भीती होती. ओल्या सरपणाचं गाऱ्हाणं देवाला सांगणारी ही बाई, आयुष्यात पहिल्यांदा देवाला भीत होती. दुखण्यापेक्षा तिला ते जास्त होतं. आणि ती भीती काढायला एक वाक्य पुरे होतं. ते माझ्याच जवळ होतं.

मी तिचा हात धरला. वाक्य घशापर्यंत आलं. तोंड उघडलं, आणि सवयीने माझा तो देवळातला आवाज निघाला. हे स्वर्गातील पित्या, तुझ्या या दासीवर कृपा कर. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मी लांब प्रार्थना केली. चांगली केली. तिच्या दुखण्याचं बोललो, तिच्या विश्वासाचं बोललो, तिच्या पापांची क्षमाही मागितली. तिच्या पापांची.

मी थांबल्यावर तिने सवयीने "आमेन" म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिने तो प्रश्न परत विचारला नाही. चार-सहा दिवसांत ती गेली.

माझा देवावरचा विश्वास गेलेला नाही. सकाळी चुलीपाशी बसतो, पिठाची मूठ टाकतो, आणि तिच्यासारखं साधं बोलायला बघतो. गुडघे दुखतायत देवा, असं म्हणतो. तो ऐकतो असं वाटतं. पण ते वाक्य त्याला सांगून भागत नाही. ते त्याला ठाऊकच आहे. ते तिला सांगायचं होतं, त्या दुपारी, मेहुणी पाण्यावरून यायच्या आत.

अगं, तू खोटं बोलली नाहीस. तू कमी झालंय म्हणाली होतीस. खोटं मी बोललो, तुझ्या तोंडून. त्याला राग आलाच असेल तर माझा आलाय. तू भिऊ नको. माझं चुकलं.