मारलं की सुटला

सुलाबाईंनी पहिल्या भेटीत मला एकही शिवी दिली नाही. त्याचा धक्का मला अपघाताइतकाच बसला.

कुंभारीच्या कामगार वसाहतीत त्या विड्या वळायच्या. पुढच्या गावातल्या शाळेत शिकवायला मी रोज त्यांच्या दारावरून मोटारसायकलने जायचो. एका सकाळी त्यांची दहा वर्षांची आरती माझ्या गाडीखाली आली. नडगीचं हाड मोडलं. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." पोलीस चौकीतही तेच लिहून दिलं. सुलाबाईंच्या भावाने माझी कॉलर धरली, तशा त्या शांतपणे म्हणाल्या, "सोड त्येला. मारलं की सुटला त्यो. घरी जाऊन निवांत झोपंल."

कुणीही रडगाणं लावलं की विडीला दोरा गुंडाळत त्या एवढंच विचारायच्या, "व्हय की. पर फुडं काय?" मी माफी मागितली तेव्हाही तेच विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "पोरीची शाळा बुडायलीय. पाय बरा हुईस्तवर रोज येऊन शिकवा."

दोन महिने मी शाळा सुटल्यावर जात राहिलो. चहा मिळायचा, टोमणा कधीच नाही. हळूहळू मला आपण फार भले आहोत असं वाटायला लागलं.

प्लास्टर काढलं त्या दिवशी पेढे घेऊन गेलो. आरतीला म्हटलं, "आता रस्ता नीट बघून ओलांडायचा."

ती खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं, सर."

सुलाबाईंचे हात थांबले. "झोपंतबी ह्येच म्हणती ती. सर, मी दारातच हुते. कुत्रं न्हवतं. तुमी मोबाइल बघत हुता."

पुडा माझ्या हातात तसाच राहिला. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग तिला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. ऐकत न्हाय. म्हणती, सर कशाला खोटं बोलतील?"

मी आरतीसमोर खाली बसलो. मोबाइल, अर्धवट टाइप केलेला मेसेज, सगळं सांगितलं. "तुझी काहीच चूक नव्हती."

"कुत्रं नव्हतंच?"

"नव्हतं."

ती आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. मला वाटलं, आता तरी शिव्या मिळतील.

आज सुलाबाई नाहीत. पण त्या संध्याकाळी पोरीचं तोंड पुसून त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

"चौकीतबी कुत्रंच लिवलंय तुमी," त्या म्हणाल्या. "चला. एकट्याला सांगाया जड जाईल. मी येते संगं."