मनस्वीच्या मागे फ्लोराबाई

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून रिटायर होऊन फ्लोरा पेणकरांना सहा वर्षं झाली, पण पेणला रामवाडीतल्या त्यांच्या घराचं दार काही बंद राहत नाही. पाच वाजले की उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग. कुणाला जातीचा दाखला काढायचाय, कुणाला आयटीआयचा फॉर्म भरायचाय, कुणाला नुसतंच विचारायचंय, "बाई, आता पुढं काय?" ज्यांच्या घरात हे सांगणारं कुणी नाही, अशी ही पोरं. बाई कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. मुलगा रूबेन दर शुक्रवारी इस्रायलहून फोन करतो, "आई, आता ये इकडे." बाई म्हणतात, "येते रे. एवढ्या ॲडमिशन उरकू देत."

खाडीकाठच्या गावातली मनस्वी बारावीला असताना त्यांच्याकडे आली. बाप नव्हता, आई पुतळी मिठागरावर. पोरगी हुशार, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. केमिस्ट्रीत तिला एक्याऐंशी मार्क मिळाले आणि बाईंच्या अंगात वारं संचारलं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे बीकर धुतले होते. आपली एखादी पोरगी बीएस्सी होताना त्यांना बघायची होती. मुंबईचं कॉलेज, होस्टेल, सगळं त्यांनीच ठरवलं.

ॲडमिशनच्या दिवशी मनस्वी आलीच नाही. फोन बंद.

बाईंनी रिक्षा केली आणि जूनच्या सुरुवातीच्या उन्हात, चपला हातात घेऊन, बांधावरून थेट मिठागर गाठलं. मायलेकी मिठाची रास ओढत होत्या.

"अगो बाय, बाई आल्या!" पुतळीनं कपाळाला हात लावला.

"मला नाय करायची बीएस्सी," मनस्वी मान खाली घालून म्हणाली. "आयटीआयला केमिकल प्लांटचा ट्रेड हाय. दोन वर्षांत रोह्याकडं धाटावला कंपनीत लागेन. आईचे पाय बघा."

मिठानं टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"मग फॉर्म भरताना का नाही बोललीस?"

"तुमी केवढ्या खूश होतात!"

बाई आल्या पावली परतल्या. तीन दिवस त्यांनी घुश्श्यात काढले. रूबेनशीही धड बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून मनस्वीला घेऊन आयटीआयमध्ये हजर.

"ह्या ट्रेडला मुलगी?" तिथल्या सरांनी विचारलं.

"मशीनला कळतं का, व्हॉल्व्ह कोण फिरवतंय ते?"

वर्गात एकोणीस मुलगे आणि ही एकटी. मुलगे तिच्या बोलण्याची नक्कल करायचे. एकदा ती दप्तर घेऊन रडत रामवाडीत आली, "सोडते मी." बाईंनी उपदेश केला नाही. गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळत होत्या, तो पळा तिच्या हाती दिला, "ढवळ. खाली लागता कामा नये." दोन तास ढवळून हात गळून गेल्यावर मनस्वी म्हणाली, "उद्या प्रॅक्टिकल हाय. जाते."

धाटावच्या कंपनीत ती लागली त्याला आता वर्ष होईल. तीन शिफ्टमधलं काम, रोह्यात भाड्याची खोली, आणि आईला तिनं तिथंच आणलं. गेल्या महिन्यात बाई बघायला गेल्या, तर मनस्वी नाकावर राग घेऊन दारात उभी.

"समजवा हिला! बस म्हटलं घरात आरामात, तर मी ड्युटीवर गेले की बाजारात सुका बांगडा विकायला बसते!"

"करमत नाय ना गो," पुतळी आतून म्हणाली. "आन् पाय बरे झालेत, तर काय नुसते बघत बसू?"

मनस्वीनं आशेनं बाईंकडे पाहिलं. बाईंना मात्र हसू आवरेना. शेवटी पदरानं डोळे पुसत त्या पुतळीला म्हणाल्या, "मला अर्धा किलो बांध. चांगला निवडून दे हं."