लवणातले साखळीमामा

तुमचं घर उभं राहण्याआधी त्या जागेला लोक काय म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पाटीवरचं नगर, पार्क, विहार सोडा. त्याआधी औत हाकणाऱ्यांच्या तोंडी जे नाव होतं, ते विचारते आहे मी.

साखळीमामा प्रत्येक नव्या माणसाला हेच विचारायचे. समोरच्याला उत्तर आलं नाही, की स्वतःच सांगायचे. भूमापनाच्या कार्यालयात त्यांनी सारी नोकरी मोजणीची साखळी धरण्यात काढली होती. परभणीभोवतीचं शिवार त्यांना बांधाबांधानं पाठ होतं. मूळ नाव निवृत्ती. "बापानं नाव निवृत्ती ठिवलं, पण दफ्तरानं साठीपर्यंत होऊ दिलं न्हाई," असं म्हणून हसायचे. आमच्या कॉलनीतल्या एका नव्या घरमालकाला त्यांनी भर वास्तुशांतीत सांगितलं, "तुमच्या न्हाणीखाली सुताराची हीर हाय. बुजवलेली. जरा बेतानं नाचा." पाहुणे हसले. घरमालकीण हसली नाही.

मी सोनपेठहून परभणीत आले ती छापखान्यात डीटीपीची नोकरी लागली म्हणून. वडील सोनपेठलाच छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकले ती सभा-मोर्चांच्या पत्रकांवर. त्यामुळे खोली शोधायला निघाले तेव्हा डोक्यात तत्त्वं भरपूर होती आणि हातात पिशवी एकच. शहरात तीन घरं पाहिली. पहिल्या घरी चहा मिळाला, खोली आवडली, नळाला पाणी किती वाजता येतं तेही कळलं. मग बाईंनी गोड आवाजात विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालीस?" मी आडनाव सांगितलं. बाईंना एकदम आठवलं, की खोली पुतण्याला लागणार आहे. दुसऱ्या घरीही पुतण्या निघाला. तिसऱ्या घरी भाचा. छापखान्यातली मैत्रीण म्हणाली, "अगं, दुसरं काहीतरी सांग ना. कोण आधार कार्ड बघतंय?" मी म्हणाले, मेले तरी दुसरं आडनाव सांगणार नाही.

मग शहराबाहेर, रस्त्याच्या खालच्या अंगाला वसलेल्या शिखरनगरात गेले. तिथे कुणी काही विचारलंच नाही. घरमालकाच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि घरमालकाच्या हातात किल्ली. खिडकीतून मोकळं रान दिसत होतं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दुसऱ्याच दिवशी बसथांब्यावर मामा भेटले. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर. बाकी सगळे चिखल संपला की धोतर खाली सोडतात. मामांचं उन्हाळ्यातही वर असायचं.

"कुठं राहायलीस गं माय?"

"शिखरनगरात, मामा."

"म्हंजी लवणात."

मला लवण म्हणजे मीठ, एवढंच ठाऊक. वडिलांनी जुळवलेल्या चूर्णाच्या जाहिरातींत तो शब्द असायचा. आणि शिखरनगरच्या बोअरचं पाणी होतंही मचूळ. मला वाटलं, जमीन खारट आहे असं म्हातारा सांगतोय. मी पिण्याच्या पाण्याचा जार लावला आणि निर्धास्त झाले.

त्या घरात पहिल्या थंडीतच मोरीतून खेकडा वर आला. फरशीच्या फटींतून लव्हाळा उगवायचा. उपटला की आठ दिवसांत पुन्हा. भिंतींना गुडघाभर उंचीपर्यंत ओल होती, आणि ती सगळ्या घरांत एकाच उंचीवर होती, जणू कुणी दोरी लावून आखली असावी. मी या सगळ्याला गरिबांच्या वस्तीकडे झालेलं दुर्लक्ष म्हणत होते. शब्द चुकीचा नव्हता, अपुरा होता.

याच सुमारास माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती लपवणार नाही. शहरात नव्यानं येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी मी पत्रक काढलं: दारोदार अपमान कशाला सोसायचा, या, आपल्या माणसांत राहू. ते पत्रक चुडावा गावात सुजाताच्या हाती पडलं. ती नर्स, तिलाही परभणीत काम मिळालं होतं आणि तिलाही शहरात पुतणेच भेटले होते. ती आईला घेऊन आली. माझ्या शब्दावर आली.

मामांनी ते पत्रक दोनदा वाचलं. मग म्हणाले, "लय चांगलं लिव्हलंस. पण माय, तू शहरातच खोली धर. धा दारं बंद झाली तर अकरावं वाजव. आन् तिलाबी वाजवू दे."

"तुम्हीच आम्हाला तिकडे हाकलताय, मामा? त्यांच्या पायऱ्या झिजवायला?"

"तुला हितं कोणी आडनाव इचारलं न्हाई, म्हून जागा चांगली वाटायली. इचारीत तर पाणीबी न्हाई."

मी चिडून निघून आले. पुढचं पत्रक मी पाण्यावरच काढलं: 'लवणयुक्त पाणी आणखी किती दिवस?' चहाच्या टपरीवर मामांनी ते मोठ्यानं वाचलं आणि खोकला येईपर्यंत हसले. टपरीवाला म्हणाला, "काय झालं मामा?" मामा म्हणाले, "हिनं सगळ्या शिवारात मीठ कालवलं!" मग त्यांचं हसू एकदम थांबलं. त्यांनी मला बाजूला नेलं आणि काठीनं मातीत एक वाकडी रेघ ओढली.

"लवण म्हंजी मीठ न्हाई गं. जमीन जिथं लवती, ते लवण. सगळ्या शिवाराचं पाणी जिथं मुक्कामाला येतं, ते. हितून नाला जायचा. तुजं घर त्याच्या पोटात हाय. मला वाटलं, तू समजून राहायलीस."

"मग नकाशात तो नाला कुठे आहे?"

"नक्षात त्येचा रस्ता झाला. नऊ मीटरचा."

"कुणी केला?"

मामांनी काठी उचलली. मला वाटलं, मारतात. "साखळी मी धरली व्हती. नोकरी संपली व्हती, पण प्लॉटवाल्यानं बोलावलं. म्हणला, मामा, तुमच्यावानी जमीन कोणाला ठावं न्हाई. मलाबी बरं वाटलं. मंग पंच म्हून दस्तखत करा म्हणला. केलं. कोपऱ्यातला प्लॉट मला सवलतीत दिला. सगळ्यात खालचा. कोणी घेईना तो. तिथंच राहायलो."

धोतर बारा महिने वर का, हे मला तेव्हा कळलं.

मी त्याच आठवड्यात अर्ज टाइप केला: शिखरनगर नाल्यावर बसवलं आहे, नाला मोकळा करा, रहिवाशांना दुसरी जागा द्या. साक्षीदार म्हणून खाली मामांचं नाव. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. पुन्हा गेले, पुन्हा दिला. मी त्यांना भ्याड म्हणाले. प्लॉटसाठी विकले गेलात, असंही म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "माज्या प्लॉटापायी नकार देत न्हाई मी. नाला हाय असं लिव्हून दिलं, की ही समदी घरं उद्या बेकायदा. सरकार जागा देईल म्हणतीस. कवा? तवर ही मानसं कुठं जातील? तुला शहरानं घेतलं का?"

मी अर्ज प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवला.

पोळा होऊन गेला आणि पाऊस लागला. चार दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी मामा दारोदार सांगत फिरले, "कागदपत्रं पिशवीत भरा. म्हाताऱ्यांला आजच वर शाळेत न्या." काही जण हसले. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पाणी आलं. ते वरून किंवा रस्त्यावरून येईल असं मला वाटलं होतं. ते मोऱ्यांतून आलं, आतून, आवाज न करता. सुजाताच्या आईनं पाट उचलून ओट्यावर ठेवला, तेवढ्या वेळात ते तिच्या घोट्याच्या वर गेलं.

बाहेर नऊ मीटरचा रस्ता नव्हता. नाला होता. लोक सवयीनं त्या रस्त्याकडेच धावत होते, कारण तोच कॉलनीतून बाहेर जाणारा रस्ता. मामा कंबरभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, "तिकडं न्हाई! डाव्या अंगानं, घराला घासून या! खाली बांध हाय! जुना बांध हाय, बुजवला न्हाई त्यांनी!" आम्ही घासून चाललो. पायाखाली खरंच घट्ट, उंच जमीन लागली. सुजाता आईला पाठीवर घेऊन चालली. मामा एकेका माणसाला हात धरून बांधावर चढवत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, "सरळ जा. लिंबापसून उजवीकडं." तिथे कडुलिंब नव्हता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी होता. पण पायाखालचा बांध जिथे वळला, तिथे आम्ही सगळे त्या नसलेल्या लिंबापासून उजवीकडे वळलो आणि शाळेत पोचलो. एकही माणूस वाहून गेला नाही.

शाळेच्या ओसरीवर मामा थरथरत बसले. "आण तो कागद," म्हणाले. तो माझ्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये होता. त्यांनी दस्तखत केलं आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: नाला मी पाहिला होता.

थंडी त्यांच्या छातीत शिरली ती निघालीच नाही. सरकारी दवाखान्यात दाखल करताना पत्ता विचारला. मी शिखरनगर म्हणाले. मामांनी डोळे न उघडता दुरुस्ती केली, "लवण लिव्हा." कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं लिहिलं नाही. दहाव्या दिवशी दुपारी मामा गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "भ्याड म्हणलीस ना, बरं केलंस. पण कोणीतरी वेळेवर म्हणायला पायजे व्हतं. लवणातले तेवीस प्लॉट विकायच्या आधी."

अर्ज पोचवून महिना होत आला. पोच मिळाली, उत्तर नाही. मात्र शिखरनगरच्या पलीकडे, लवणाच्या उरलेल्या अर्ध्या भागात, चुना लावलेले दगड रोवले गेले आहेत. काल मी मोजले नाहीत. दुरूनच दिसले, ओळीनं, ओल्या मातीत. 'टप्पा दोन' अशी पाटी लागली आहे. पाटीवर डोंगराचं चित्र आहे. तिथे खोल्या होतील आणि तुमच्या दारातून परत गेलेली माणसं त्या घेतील, कारण तिथे कुणी काही विचारणार नाही.

आमची सहा कुटुंबं अजून शाळेत आहेत. मुलांचे वर्ग व्हरांड्यात भरतात. मुख्याध्यापक भले आहेत, पण पुढच्या सोमवारी त्यांना खोल्या हव्या आहेत. घरांतला गाळ निघाला तरी भिंती धड नाहीत, आणि परतीचा पाऊस व्हायचा आहे. सुजाता आणि मी शहरात पुन्हा हिंडतो आहोत. रोज, कामावरून सुटल्यावर. अकरा दारं कधीच होऊन गेली.

परभणी शहरात तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल, माडीवरची, मागच्या अंगणातली, कशीही, तर सोमवारच्या आत शिखरनगरच्या वरच्या शाळेत निरोप पाठवा. आडनाव आम्ही दारातच सांगू. ते ऐकून झाल्यावर किल्ली द्या.