जा म्हणलं आन् परत बोलावलं

मी ज्या अक्काकडं सैपाकाला जाते ती ज्यू हाय. बोलती मातर मराठीच, थोडी कोकणाकडची. नवरा रेल्वेत होता म्हणून गुलबर्ग्यात आली, त्यो गेल्यावर बी इथंच ऱ्हायली. लेकरं तिकडं लांब त्येंच्या देशात. सणाला घरात ती आन् मीच.

चैताच्या पुनवेच्या सुमारास त्येंचा मोठा सण येतो. घरात खमिराचं काय बी ठेवायचं न्हाई. पाव, इडलीचं पीठ, समदं बाहीर. पहिल्या साली म्या म्हणलं, "अक्का, आमच्यात बारा म्हैने बिनखमिराचीच भाकर."

ती हसली. "मग तुम्ही रोजच निघायच्या तयारीत गं! आमच्या लोकांना मिसरातनं, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतनं, निघताना पीठ फुगायला बी वेळ मिळाला नव्हता."

या साली सणाच्या दिवशी सकाळी घरी एक गोष्ट झाली. माझ्या सुनेची आई बिदरला दवाखान्यात होती. त्याच दिवशी तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार होते. तिथल्याच जवळच्या कमठाणा गावची एकटी बाई, पोरगा न्हाई, ही एकच पोरगी. पोरीनं आधीच विचारलं होतं, म्या जा म्हणलं होतं. मग म्हणलं पाव्हणे येऊन जाऊ देत. परत जा म्हणलं, परत म्हणलं नळाला पाणी येईना, दोन दिस थांब. बस बायांना फुकट, तवा पैशाचं निमित्त बी उरलं न्हवतं. त्या दिवशी पिशवी घेऊन ती उंबऱ्याबाहीर गेली आन् म्या हाक मारली. "माझा गुडघा लई दुखायलाय. आज ऱ्हा."

तितका दुखत न्हवता.

ती म्हणली, "बरं, आत्या." पिशवी ठिवली आन् भांडी घासाया बसली. तिच्या आईपाशी दवाखान्यात शेजारीण थांबली.

सांजेला अक्काकडं गेले. या सणाला ती मला पलंगावर बसविती, पाठीमागं उशी देती. म्हणती, "आज टेकून जेवायचं. गुलाम उभ्यानं खातो." माझी पाठ काय टेकत न्हाई. समद्यांचं झाल्यावर चुलीपाशी उकिडवं बसून खायाची सवय. अक्कानं मनुकांचं सरबत वतलं आन् गोष्ट सांगितली, दरसालची. मिसरचा राजा गुलामांना म्हणला, जा. मग मन दगड केलं, न्हाई म्हणला. परत जा, परत न्हाई. सुटून गेलेल्यांच्या मागं बी घोडे घेऊन धावला.

दरसाली ही गोष्ट ऐकताना मी सुटणाऱ्यांच्या बाजूला बसायची. आमच्या सासऱ्यानं बुद्धाचा धम्म घेतला तवा गावकीचं काम सोडलं, मेली ढोरं वढायचं सोडलं. गुलामी संपली म्हणायचे. माझ्या सासूनं मातर मला माझा बाप मेला तवा बी लवकर सोडलं न्हाई. म्हणली, जोंधळं काढून जा. मी पोचले तवा राख थंड झाली होती. रडले न्हाई. परत येऊन कामाला लागले.

राजाच्या देशावर आलेल्या एकेका संकटाचं नाव घेऊन अक्का बोटानं सरबताचा थेंब ताटलीत टाकायची. म्हणायची, दुश्मनाला सोसावं लागलं तर आपला पेला भरलेला नसावा. त्या दिवशी माझा हात पेल्यापाशीच थांबला.

"अक्का, त्यो राजा असा कामून करायचा?"

"दुसऱ्याच्या हातावर जगायची सवय. सुटत नाही ती. आमचे म्हातारे सांगायचे, मिसर आपल्या आत बी असतो. दरसाल त्यातनं आपणच बाहेर पडायचं."

"आन् आत राजाच बसलेला निघाला तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. म्या सकाळचं समदं सांगितलं. मला वाटलं, म्हणंल, जाऊ दे, तू म्हातारी हायस. तसं काय म्हणली न्हाई.

"धरून ठेवणारा बी अडकलेलाच असतो," म्हणली. "दोरीचं एक टोक त्याच्याच हातात. पोरीला सोड, म्हणजे तू सुटशील. इथं काय बसलीस?"

मी सोसलं म्हणून मला धरून ठेवायचा हक्क हाय, असं मी मनात धरलं होतं. आन् खरं म्हणलं तर भ्या होतं. ही गेली तर मला पाणी कोन देईल?

सकाळी भाकर आन् कारळाची चटणी बांधली, पोरीला घेऊन बसस्टँडवर गेले. ती बिदरच्या बसमध्ये बसली, पिशवी मांडीवरच घट्ट धरून.

"वर ठेव की गं."

"ऱ्हाऊ द्या, आत्या."

तवा कळलं. मी परत बोलावीन म्हणून तिनं पिशवी धरली होती. बस निघस्तवर तिची नजर माझ्या तोंडावर.

"तुमचा गुडघा?"

"दुखला तर दुखू दे. तू जा."

बस गेली. लई हलकं वाटलं, इतक्या सालांत कधी वाटलं न्हवतं तितकं. आन् त्या हलक्या वाटण्याची बी लाज वाटली. ज्या दिवशी आईचा हात धरायचा त्या दिवशी तिनं माझ्या घरची भांडी घासली. ते काय भरून येणार हाय?

दुपारी तिचा फोन आला. "आत्या, मी पोचल्यावरच पट्टी काढली. आईला दिसायलंय."

"काय म्हणली गं ती?"

"म्हणली, कामून इतकी वाळलीस?"

"खरं हाय त्येंचं," म्या म्हणलं.